सातव्या पायरीवरचा दुसरा आवाज

१

सहावे कडवे संपले आणि त्यानंतर काहीच आले नाही.

रीळ फिरत होते. यंत्राची आवाज दाखवणारी सुई मात्र मलूल पडून होती. फितीवरच्या गाणारणीची शिवणकाम करणारी लेक हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसली होती. समोर दुसरा हेडफोन लावून संग्रहालयाच्या सूचिकार बाई बसल्या होत्या. ध्वनिसंग्रहालयात त्यांना सगळे ‘नोंदबाई’ म्हणत. पाऊण मिनिटभर दोघींना पाण्याची संथ चुळबूळ तेवढी ऐकू आली. मग हे गाणे टिपणाऱ्या कैलासवासी प्राध्यापकांचा आवाज म्हणाला, “रीळ दोनशे बारा. समाप्त.”

“बाई, सातवं?” लेकीने विचारले.

नोंदबाईंनी फीत मागे घेतली, पुन्हा लावली. सहा कडवी, पाणी, समाप्त.

“आई त्या एकाच दिवशी गायली होती सातवं. मशीनसमोर. त्याआधी नाही, त्यानंतर नाही.” लेकीचा आवाज वरवर शांत होता. “आता अर्धांगानं तिची वाचा गेलीय. डॉक्टर म्हणाले, आठवडा निघाला तर निघाला. देणारी जिवंत असताना घेणारीनं सातवं ऐकावं लागतं, नाहीतर गाणं तिथंच बुडतं. मी लहानपणी मागितलंच नाही हो. मला लाज वाटायची त्या गाण्याची.”

गाणे तळ्याचे होते. तळ्याखाली बुडालेल्यांचे एक गाव आहे, आणि बुडालेल्या मुलीची आई एकेक पायरी उतरत तिथवर जाते. एका पायरीला एक कडवे. सातव्या पायरीवर ती दाराशी उभी राहून मुलीला हाक मारते. गायिका एरवी सहाव्या पायरीवरूनच परततात.

“फीत जुनी झाली की होतं असं कधी कधी,” नोंदबाई म्हणाल्या. आणि आपण खोटे बोललो, हे त्यांना त्याच क्षणी कळले. फीत जुनी झाली की आवाज झिजतो. एक कडवे तेवढे निवडून झिजत नाही.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिळाचे कार्ड काढायला त्यांना फार शोधावे लागले नाही. एकोणतीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात लिहिलेले ते कार्ड होते. प्राध्यापक आणि त्यांचे तंत्रज्ञ तळ्यावरून रिळे घेऊन परतले होते आणि त्या रिळांतूनच नोंदबाई हे काम शिकल्या होत्या. अक्षर तेव्हाचे, गोल आणि भित्रे: ‘आरंभी एक मिनिट रिकामी खोली. कडवी सात. सातव्यात आवाज दोन. दुसरा: अनोळखी स्त्री.’

नोंदवहीप्रमाणे वर्षभरात हे रीळ तिघांच्या हाती गेले होते. संचालकांकडे ते चार दिवस होते. गाणारणीची धाकटी बहीण मागच्या महिन्यात येऊन एक सकाळ ऐकून गेली होती. आणि तंत्रज्ञ फीतकाकांनी ते सफाईसाठी नेले होते.

संचालकांच्या खोलीत त्यांचे स्वतःचे पुस्तक दारातून दिसेल असे उभे केलेले होते. सातवे कडवे मुळात अस्तित्वातच नाही, ती केवळ लोकांची समजूत आहे, असे त्या पुस्तकात दीडशे पाने सिद्ध केलेले होते.

“मी काय म्हणत होतो!” संचालकांचा चेहरा उजळला. “ती बाई सातव्याला गप्प बसली. रूढीचा धाक. तुमचं कार्ड चुकलंय, बाई.”

“मी ऐकून लिहिलं होतं, सर.”

“तेव्हा तुम्ही नवशिक्या होतात. माणसाला हवं ते ऐकू येतं.”

“तुम्ही चार दिवस रीळ ठेवून घेतलं होतं. ऐकलंत?”

संचालकांनी चष्मा पुसायला घेतला. “खरं सांगू? नाही. मला ते यंत्र लावता येत नाही. एकदा लावायला गेलो तर फीत सगळी पायात. फीतकाकांना दोनदा निरोप धाडला, ते काही आले नाहीत. शेवटी तसंच परत केलं. आता हसू नका.”

नोंदबाई हसल्या नाहीत. पुस्तकासाठी माणूस काय काय करील, हे त्यांनी या इमारतीत पुष्कळ पाहिले होते.

“आणखी एक,” संचालक म्हणाले. “असं कार्ड चुकलेलं निघालं, तर बाकीची आठ हजार कार्डंही तपासायला लागतील. तुमची निवृत्ती जवळ आलीय म्हणून म्हणतो.”

नोंदबाई खाली आल्या. त्यांना घरी वाट पाहणारे कोणी नव्हते. जेवताना त्या रेडिओ लावत, तोही माणसे बोलणारा. आठ हजार कार्डे हाच त्यांचा गोतावळा होता, आणि तो आता कोणीतरी खोटा ठरवत होते. त्यांनी रीळ पुन्हा लावले आणि आवाज एरवी कधी लावत नसत इतका वाढवला.

सहावे कडवे संपले. श्वासभराचा विराम. आणि शांतता सुरू होण्याच्या अगदी आधी, भिंतीपलीकडून यावी तशी, एक हाक आली.

३

त्यांनी ते दहा वेळा ऐकले. पाऊण मिनिटाच्या अलीकडे गाणारणीची हाक, तळहाताएवढी लहान. आणि पलीकडे, प्राध्यापक ‘रीळ’ म्हणतात त्या शब्दाखाली, तितकीच पुसट दुसरी एक बाई म्हणत होती, “आले.”

हा आवाज गाणारणीचा नव्हता.

तळमजल्यावरच्या दुरुस्तीखोलीत फीतकाका एका यंत्राचे पोट उघडून बसले होते. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून त्यांचा डबा कँटीनमधून येई आणि बहुतेक वेळा तसाच परत जाई.

“काका, फितीत भूत शिरतं का हो?”

“शिरतं की. आपल्याकडे दोन-तीन संचालक होऊन गेले तसे.” ते वर न बघता म्हणाले. “का?”

नोंदबाईंनी सांगितले. काकांच्या हातातला पेचकस थांबला. त्यांनी तो शांतपणे कापडावर ठेवला.

“भूत नाही ते. ठसा आहे. रिळावर फितीचे वेढे एकमेकांना चिकटून वर्षानुवर्षं पडून असतात. एखादा आवाज मोठा असला की त्याचा ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतो. मग तो खऱ्या आवाजाच्या जरासा आधी ऐकू येतो, नाहीतर नंतर.”

“म्हणजे मधला आवाज गेला, तरी शेजारचा ठसा राहणार?”

“राहणार.”

“म्हणजे हाक होती.”

“होती,” काका म्हणाले. “फीत खोटं बोलत नाही, बाई. तुमचं कार्ड बरोबर आहे.”

जिना चढताना नोंदबाईंच्या मनात दुसरीच गोष्ट घोळत होती. कोरी फीत मुकी असते. या शांततेत मात्र पाणी होते. ते कुठून आले?

त्यांनी रिळाची सुरुवात लावली. कुठेही ध्वनिमुद्रण करण्याआधी एक मिनिट कोणीही न बोलता नुसती खोली मुद्रित करायची, असा प्राध्यापकांचा शिरस्ता होता. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, असे ते म्हणत. संचालकांच्या मते तो फितीचा अपव्यय होता. नोंदबाईंनी घड्याळ लावले.

रिकामी खोली चौदा सेकंदांची होती. उरलेले शेहेचाळीस सेकंद सहाव्या कडव्यानंतर होते. बोटाच्या टोकाने फीत चाचपली तेव्हा तिरपे, बेमालूम जोड लागले: एक आरंभी, दोन त्या उसन्या शांततेच्या दोन्ही बाजूंना.

कोणी पुसले नव्हते. कापून नेले होते, आणि त्या जागी त्याच घराची शांतता आणून बसवली होती.

४

गाणारणीचे तळ्याकाठचे घर शहरापासून बसने दीड तासावर होते. नोंदबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाल्या. संचालकांना यंत्र लावता येत नव्हते, हे खरे धरले तरी हुकूम देता येत होता. कडवे कधी गायलेच गेले नाही, असे भासवण्यात फायदा त्यांचाच होता. हात काकांचा आणि डोके संचालकांचे, असा हिशेब जुळत होता. फक्त तो काकांच्या बोलण्याशी जुळत नव्हता. चोरी करणारा माणूस ‘तुमचं कार्ड बरोबर आहे’ असे कशाला सांगेल?

गाणारीण खिडकीपाशी पडून होती. अंगाची एक बाजू तिची राहिली नव्हती. डोळे मात्र सगळीकडे फिरत होते. लेक तिचे पाय चोळत होती. बाहेरच्या ओट्यावर गाणारणीची धाकटी बहीण, लेकीच्या मावशी, भाजी निवडत होत्या.

“आलीस? मला धरायला आलीस ना?” मावशींनी विचारले.

“विचारायला आले, मावशी.”

“विचार. डब्यातून गाणं चोरायचं असतं तर मी अख्खा डबा तळ्यात टाकला असता. एक कडवं कापत बसायला मला वेळ आहे का? आणि डोळे?” त्यांनी भाजीची काडी नोंदबाईंच्या नाकासमोर धरली. “ही मेथी आहे की शेपू, ते वासावरून ओळखते मी.”

“मग संग्रहालयात कशाला आला होतात?”

“ऐकायला.” मावशींचा हात थांबला. “ताईनं मला दिलं नाही ते. मी धाकटी, मला चंचल समजायची. म्हातारपणी वाटलं, चोरून ऐकावं. त्या तुमच्या काकांनी लावून दिलं. सगळं ऐकलं. सातवंसुद्धा. तेव्हा होतं की ते!”

“काका कुठं होते तेव्हा?”

“माझ्या समोर. तेही कानाला लावून बसले होते. मी रडले ते ठीक, माझी बहीण आहे. तो माणूस का रडत होता, मला काही कळलं नाही.”

नोंदबाई ओट्यावर टेकल्या.

“मावशी, सातव्यात ‘आले’ कोण म्हणतं? तुम्ही?”

“छे छे! भलतंच.” मावशींनी भाजीची जुडी खाली ठेवली. “नात्यातलीनं ‘आले’ म्हटलं तर ती खरंच जाते तळ्याखाली. उत्तराला परकी बाई लागते. दाराबाहेर, पाण्याकडे तोंड करून बसवायची.”

“त्या दिवशी परकी कोण होती?”

“मशीनवाल्यांबरोबरची. वायर धरून उभी होती दिवसभर. पुरुषांसमोर ताई गाईना, म्हणून त्यांनी तिला आणलेलं. तो तरुण पोरगा नव्हता का, बटणं दाबणारा? त्याची नवी नवरी.”

५

दुरुस्तीखोलीत दुपारचे ऊन एका चौकोनापुरते येत असे. काकांनी नोंदबाईंसाठी स्टूल पुसून ठेवले होते, जणू त्या येणार हे त्यांना ठाऊक होते.

“संचालकांचा यात काही संबंध नाही,” नोंदबाई म्हणाल्या. “मी दीड दिवस त्यांच्यावर संशय घेतला, तेवढं एक पाप माझं. त्यांना सातवं नको होतं, पण रिकाम्या खोलीची किंमत त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी कापायला सांगितलं असतं तर कोरी फीत चालली असती. मावशींना कापताच आलं नसतं. ज्याला फितीत भोक पाडून जाणं सहन होत नाही, असा माणूस या इमारतीत एकच आहे.”

काकांनी चष्मा काढून कापडावर ठेवला.

“आणि चोराला गाणं नकोच होतं. ते नेलं, कारण त्याला हवं होतं ते गाण्यात विणलेलं होतं. प्रत्येक हाकेनंतर एक शब्द. तेवढेच शब्द कापले असते तर चिंध्या झाल्या असत्या.”

काकांनी खण उघडला. एका काचेच्या डबीत, घड्याळाच्या चाकाएवढे गुंडाळलेले, तपकिरी फितीचे वेटोळे होते.

“आयुष्यभर दुनियेचे आवाज टिपले, बाई. गाड्या, पाखरं, म्हाताऱ्या, मंत्री. घरी कधी यंत्र नेलं नाही. वाटायचं, ती कुठं जातेय?” त्यांनी डबी उजेडात सरकवली. “ती गेल्यावर शोधलं तर सबंध जगात तिचा आवाज तेवढाच. तीन वेळा ‘आले’. मावशी आल्या त्या दिवशी नऊ वर्षांनी पहिल्यांदा ऐकला. आणि महिनाअखेर किल्ल्या परत करायच्या.”

“नक्कल का नाही केलीत?”

“केली. चार केल्या. लोकांना हजारदा सांगितलंय मी, मूळ आणि नकलेत कानाला फरक कळत नाही म्हणून.” त्यांनी डबीवर हात ठेवला. “पण ती बोलली ती या फितीवर. या. नक्कल करताना ती नव्हती तिथं.”

“लेक आली तेव्हा तरी बोलायचं होतं.”

“बोलणार होतो. मग साहेबांनी जाहीर करून टाकलं की बाई गायलीच नाही. मग धीर झाला नाही. उद्या सांगू, उद्या सांगू. तुम्ही ठशाचं विचारलंत तेव्हा मात्र खोटं सांगता येईना. दुसऱ्या कशाबद्दलही आलं असतं. फितीबद्दल नाही.”

नोंदबाईंनी पर्समधून कार्ड काढले. आरोप करायला म्हणून आणलेले ते कार्ड आता त्यांच्या हातात जड झाले होते.

“हे तुम्ही वाचलं होतंत?”

“पहिल्याच आठवड्यात. ‘अनोळखी स्त्री’.” काका किंचित हसले. “तिला सांगितलं होतं घरी जाऊन. खूप हसली. म्हणाली, बरं झालं, लोकांना वाटेल तळ्यातलीच बोलली.”

“तुम्ही मला दुरुस्त का नाही केलं?”

“तुम्ही नव्या होतात. कोपऱ्यात बसून एकट्या जेवायचात. चूक दाखवली तर रडाल असं वाटलं.”

नोंदबाईंनी ‘अनोळखी स्त्री’वर आडवी रेघ मारली आणि वर काकांच्या पत्नीचे पूर्ण नाव लिहिले, माहेरच्या नावासकट. ते त्यांनी अक्षर अक्षर विचारून घेतले. काकांनी आपल्या हाताने कबुलीचे पत्र लिहून संचालकांच्या टेबलावर ठेवले. मग ब्लेड काढले, चष्मा लावला आणि डबी उघडली.

“डॉक्टरांनी आठवडा दिला होता ना?” त्यांनी विचारले. “त्यातले किती दिवस मी खाल्ले?”

“तीन,” नोंदबाई म्हणाल्या. “उद्या सकाळची पहिली बस.”

६

गाणारणीच्या खाटेशेजारी यंत्र ठेवले गेले. काकांनी फीत सराईतपणे ओवली. कळ दाबली आणि मग मात्र ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

सहा पायऱ्या झाल्या. सातवीवर एकोणतीस वर्षांपूर्वीची ती आई दाराशी उभी राहिली:

“तळ्याच्या तळाशी दिवा कुणी लाविला,
लेकी गं माझ्या, तुझा उंबरा मी पाहिला.”

हाक आली. तिच्या मागोमाग, बाहेरून, हसू दाबत असल्यासारखा कोवळा आवाज म्हणाला, “आले.” तीनदा हाक, तीनदा उत्तर. खाटेवरच्या बाईच्या चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी कानात उतरले. लेकीने ते पुसले नाही. ती ओठ हलवत होती, पाठ करत होती.

यंत्र बंद झाले. मावशी म्हणाल्या, “ऐकून भागत नाही. घेतलेलं परत गाऊन दाखवायचं असतं, देणारीच्या देखत. पण उत्तराला परकी पाहिजे. जिचं या गावात कुणी नाही अशी.”

“मला कुठल्याच गावात कुणी नाही,” नोंदबाई म्हणाल्या. त्यांना ते विनोदाने म्हणायचे होते.

मावशींनी ओट्यावर सतरंजी अंथरली आणि घराचे दार ओढून घेतले. “पाण्याकडे तोंड. मागं बघायचं नाही. हाक पुरी होऊ द्यायची.”

“टिपून घेऊ?” काकांनी विचारले. लेक म्हणाली, “नको काका. आता नको. नंतर गाईन मी तुमच्यासाठी, सहा.” काकांनी मान डोलावली, यंत्राचे झाकण लावले आणि ते अंगणाच्या टोकाला, जिथून तळे दिसत होते तिथे जाऊन बसले.

समोर सकाळचे सपाट पाणी होते. आत लेकीने सूर लावला. तो आईसारखा नव्हता. कच्चा होता, मधेच अडखळत होता, शिवणीतला टाका उसवून पुन्हा घालावा तसा परत मागून सुरू होत होता. नोंदबाई ऐकत होत्या. ऐकणे हेच त्यांचे काम होते. एकोणतीस वर्षांत त्यांनी आठ हजार आवाज ऐकले होते, त्यांची लांबी मोजली होती, भाषा आणि विषय नोंदले होते. त्यातल्या एकानेही त्यांना हाक मारली नव्हती.

पहिली हाक आली, आणि त्या गप्प राहिल्या.

शब्द ठाऊक होता, पण तो निघेना. आत लेक थांबली होती. पाण्यावरून एक पाखरू गेले. अंगणाच्या टोकाला काकांनी मान वळवली आणि त्यांच्याकडे नुसते पाहिले, घाई न करता.

“आले,” नोंदबाई म्हणाल्या. आवाज घोगरा होता, न वापरलेला.

दुसरी हाक लगेच आली. जवळून, जरा धिटाईने. या वेळी त्यांना अडायला झाले नाही.

तिसरी हाक अर्ध्यावर होती तेव्हाच त्यांच्या लक्षात आले की आपण सतरंजीवरून उठलो आहोत, पाठ पाण्याकडे झाली आहे, आणि आपला हात दाराच्या कडीवर आहे.